काटेवाल्याचं वजन

हवेच्या पिशव्या पुन्हा फुगल्या. दोन्ही पायांना घोट्यापासून मांडीपर्यंत गुंडाळलेल्या, यंत्राला जोडलेल्या. फुस्स करून आवळायच्या, सुस्कारा टाकून सोडायच्या. काटेवाल्याला वाटे, दोन अजगर आपल्याला गिळताहेत आणि दोघांचं एकमत होत नाहीये. पोटावर टाके, डावीकडे भिंत, उजवीकडे बायको. पळणार कुठे?

तीस वर्षं त्याने ट्रकांचा वजनकाटा सांभाळला होता. ट्रक फाटकातून वळला की नुसत्या टायरांच्या आवाजावरून तो किती पोती कमी ते सांगायचा. एकदा तर म्हणे ड्रायव्हरचा नाश्तासुद्धा वजा करून दाखवला. अशा माणसाने ऑपरेशनच्या फॉर्मवर स्वतःचं वजन लिहिलं, एकशे अठरा. करणार काय, बायको शेजारी उभी होती. घरी सहा वर्षं हाच आकडा चालू होता.

सिस्टर इंजेक्शन घेऊन आली.

"हे पोटावर टोचणं आणि किती दिवस?" बायकोने विचारलं.

"काका नीट हिंडूफिरू लागेपर्यंत. पडून राहिलं की पायात रक्ताची गुठळी धरते. ती सुटून फुप्फुसात गेली, की माणूस हाती लागत नाही. म्हणून डोस वजन बघून ठरवतात. जड माणसाला कमी पडला तर टोचून न टोचल्यासारखंच."

काटेवाल्याची डावी पोटरी दुखू लागली. मग उजवी. मग भिंतसुद्धा.

"अगं, जरा बाहेर पाय मोकळे करून ये ना," तो बायकोला म्हणाला.

"माझे मोकळेच आहेत. तुमचे बघा."

सुई पोटाला टेकली. त्याने डोळे गच्च मिटले.

"थांबा सिस्टर! मी खोटं लिहिलं. एकशे अठरा नाही, एकशे चाळीस."

"वाटलंच मला," बायको म्हणाली. "शर्ट मीच शिवते ना तुमचे."

सिस्टर थांबली नाही. सुई आत गेली, बाहेर आली. कापूस दाबत ती म्हणाली, "फॉर्म बघून कोण डोस ठरवतं, काका? तुम्ही झोपलाय तो पलंगच काटा आहे. पहिल्या दिवसापासून डॉक्टर त्याच्यावरचाच आकडा धरतात."

काटेवाल्याने कोंडलेला श्वास सोडला.

सिस्टर पलंगाच्या पायथ्याशी आकडा बघायला वाकली. "आणि एकशे चाळीस कुठलं? एकशे शेहेचाळीस."