तात्यांच्या गुडघ्याचा आकडा

“आजपासून म्हातारपण हे नशीब नाही, तो बरा होणारा आजार आहे,” असं डॉ. वृषालीने जाहीर केलं, तेव्हा समोरच्या एकतीस म्हाताऱ्यांपैकी नऊजण लघवीला गेले होते आणि एकजण झोपला होता. उरलेल्यांनी टाळ्या वाजवल्या. कुंडलिकतात्यांची टाळी सगळ्यात बारीक होती.

वडगाव निंबाळकरच्या त्या मंगल कार्यालयात व्यासपीठावर फलक होता, आणि फलकावर तात्यांचाच फोटो. फोटोत ते पळत होते. पुण्याच्या संशोधन संस्थेतल्या कोणीतरी त्यांना कॉम्प्युटरवर पळवलं होतं.

“आपल्या शेतातलंच उदाहरण देते,” वृषाली म्हणाली. “अंगातल्या काही पेशी म्हाताऱ्या होतात. काम सोडतात, पण मरत नाहीत. उसात गवताळ वाढीचं बेट येतं ना, तसंच. दिसायला हिरवंगार, पण कांडी धरत नाही, आणि शेजारच्या बेटांनाही रोग लावतं. आपण ते मुळासकट उपटतो. आमची कॅप्सूल गुडघ्यात तेच करते.”

“आमाला न्हाय ना उपटनार?” गोजरबाईंनी विचारलं.

“नाही आजी. पेशींना.”

“मग हरकत न्हाय.”

प्रयोग सात महिने चालला होता. निम्म्यांना खरी कॅप्सूल, निम्म्यांना तशीच दिसणारी, आत काही नसलेली. कोणाला कोणती, ते पुण्यात एका पाकिटात बंद होतं. पाकीट अजून उघडायचं होतं. पण एकतीसच्या एकतीस जणांचं दुखणं उतरलं होतं. याचं संस्थेत कोणाला नवल वाटलं नाही, आनंदच झाला. तिथल्या साहेबांनी कार्यक्रम लावून टाकला.

दुखणं मोजायची रीत सोपी होती. शून्य म्हणजे दुखत नाही, दहा म्हणजे जीव जातो. दर महिन्याला वृषाली कोऱ्हाळ्याला तात्यांच्या ओसरीवर यायची आणि आकडा विचारायची. पहिल्या दिवशी तात्यांनी नऊ सांगितला. तो खरा होता.

महिन्याने ती परत आली. उन्हात आली, तोंड सुकलेलं होतं. वडगावच्या गोकुळची पोर, तात्यांच्या डोळ्यांदेखत शिकून डॉक्टर झालेली. कागद मांडीवर घेऊन ती अशा आशेनं बघत होती की तात्यांना पुन्हा नऊ म्हणवेना.

“आठ,” ते म्हणाले.

पोरीचा चेहरा फुलला. कोऱ्हाळ्यात पाहुण्याला रिकाम्या हातानं वाटेला लावत नाहीत. कोणी भेंडी देतं, कोणी काकवीची बाटली. तात्यांनी आकडा दिला. मग दर फेरीला एकेक देत गेले. आता कागदावर दोन होते. गुडघा नवावरच होता.

तेही खपून गेलं असतं. पण बायकांच्या रांगेत तात्यांची बहीण म्हाळसा बसली होती, लोणी देवकरला दिलेली. तिच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला दोन वर्षं वाट पाहिल्यावर गुरुवारची तारीख मिळाली होती. आल्या आल्या तिने तात्यांना सांगितलं होतं, “दादा, उद्या फोन करून तारीख मोडते. तुझा गुडघा गोळीनं नवा झाला, मग मी कशाला चिरून घिऊ?”

तेव्हापासून तात्यांना चहा गेला नव्हता.

“आता तात्या दोन शब्द बोलतील,” वृषाली म्हणाली आणि स्वतः माईक घेऊन त्यांच्या खुर्चीपाशी आली. तात्या फक्त तिलाच ऐकू जावं इतकं हळू बोलले. माईकचा धंदाच उलटा असल्यामुळे ते कार्यालयभर ऐकू गेलं.

“नऊ.”

“काय नऊ, तात्या?”

“गुडघा. पहिल्या दिवसापास्नं नऊच हाय. मी तुला खोटं आकडं दिलं. म्हाळसे, तारीख मोडू नगंस.”



“पण का?” वृषालीने विचारलं.

“तू उन्हातनं यायचीस. न्हाय फरक, असं तुझ्या तोंडावर कसं म्हनायचं?”

“मी तर दोन-दोन उतरवलं,” गोजरबाई म्हणाल्या. “पोरगी लई गुनाची हाय म्हनून.”

मग मागून एकेक हात वर यायला लागला. लघवीहून परतलेल्यांनीही, काय चाललंय ते न विचारता, हात वर केले. झोपलेला सोडून सगळे झाले. व्यासपीठावर साहेबांनी पाण्याची बाटली उघडली, पुन्हा बंद केली.

“दादा, मलाबी फशिवलंस व्हय?” म्हाळसा एवढंच बोलली. तात्यांनी मान वर केली नाही. बहात्तर वर्षांत त्यांनी काट्यावर ऊस चोरला नव्हता, पाण्याची पाळी चोरली नव्हती. आणि चोरी सापडली ती या पोरीच्या कागदावर.

वृषाली शेजारच्या खुर्चीत बसली. एकतीसांतल्या एकाचंही दुखणं कधीच कसं वाढत नाही, ही शंका तिला मध्ये एकदा आली होती. एकदाच. तिने ती बसू दिली नव्हती. आता तिलाही कोणाच्या डोळ्याला डोळा देववेना. तिने माईक मांडीवर ठेवून पर्समधून कोरा कागद काढला.

“तात्या, सगळं पहिल्यापासून लिहू. आता अगदी खरं सांगा. या घडीला किती?”

तात्यांनी गुडघ्यावरून हात फिरवला. मग तिच्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले होते.

तात्यांनी माईकवर तळवा ठेवला.

“साडेआठ लिही, पोरी,” ते म्हणाले. “एवढं ऐक माझं.”