मधलं बेअरिंग

कृत्रिम बुद्धिमत्तेत काम करणाऱ्या संशोधकांचा सत्कार होता आणि त्यात आमची ताई होती. यंत्राचा नुसता आवाज ऐकून त्याचं दुखणं ओळखणारा प्रोग्रॅम तिने लिहिला होता. मी आणि बाबा पहिल्या रांगेत बसलो होतो.

ताईने एका जुन्या पंपाची घरघर ऐकवली. मला त्यातलं ओ की ठो कळलं नाही. पडद्यावर मात्र अक्षरं उमटली : ‘मधलं बेअरिंग कुरकुरतंय. आठवडाभर काढेल, पुढचा भरवसा नाही.’

“इतकं बारीक ऐकायला याला शिकवलं कोणी?” प्रमुख पाहुण्यांनी विचारलं.

“बाबांनी,” ताई म्हणाली. “ते कारखान्यात फिटर होते. स्क्रूड्रायव्हरचं टोक यंत्राला आणि मूठ कानाला लावून ऐकायचे. कान फार तर वर्षभर साथ देतील, असं डॉक्टर म्हणाले. मग ते वर्षभर रोज कामावरून आले की मी आवाज लावायचे आणि ते सांगत जायचे. सहा हजार आवाज झाले.”

सगळं सभागृह उठून उभं राहिलं. बाबा बसूनच होते. मी आमच्या नेहमीच्या वहीत लिहिलं, ‘टाळ्या तुमच्यासाठी आहेत,’ आणि वही त्यांच्यापुढे धरली.

पुढचा आवाज सुरू झाला होता, पण टाळ्यांत तो कोणालाच ऐकू आला नाही. पडद्यावर नवी ओळ उमटत होती. बाबांनी वही बाजूला सारली.

“थांब रे जरा. कितीतरी वर्षांनी ऐकू येतंय.”