कुणालाही न विचारता

फाइल उघडली आणि मास्तरणीने चहाचा कप बाजूला सारला.

'तू जगातला सर्वांत हुशार प्रोग्रामर आहेस,' अशी सुरुवात होती. लगेच धमकी: 'चूक केलीस तर याद राख.' मग 'प्रत्येक बदलानंतर चाचण्या चालव', आणि थोडं खाली 'चाचण्या चालवू नकोस, फार वेळ खातात.' मध्येच कुठल्याशा जुन्या ईमेलचा तुकडा चिकटवलेला, त्यात कुणाला तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा. आणि अधूनमधून तेच पालुपद: 'इथे हात लावण्याआधी मला विचार.'

तिला शिसारी आली. माणसं स्वतःचं ताट तरी विसळून ठेवतात, आणि हे असलं खरकटं दुसऱ्यापुढे सरकवतात.

पार्सलं पोहोचवणाऱ्या या कंपनीत कोड लिहायचं काम आता बहुतेक एआयच करायचा. प्रत्येक प्रोग्रामरने आपापल्या भागासाठी त्याला सूचनांची फाइल लिहून द्यायची: काय कुठे आहे, काम कसं करायचं, कशाला हात लावायचा नाही. त्या फाइली तपासून गुण द्यायला साहेबांनी हिला बाहेरून बोलावलं होतं. स्वल्पविरामावरूनही ती माणसं झापायची, म्हणून आल्या आल्याच तिचं नाव मास्तरीण पडलं.

कसोटी साहेबांनी स्वतः सांगितली होती. "एआयला फक्त ही फाइल द्यायची आणि एक खरं काम सांगायचं. कुणालाही न विचारता काम तडीस गेलं, तर पूर्ण गुण."

"आणि गुणांचं पुढे काय?"

"माणसं जास्त झालीत. कोण राहणार, कोण जाणार, ते यावरून ठरेल. बाहेर बोलू नका."

तिने मान डोलावली. पार्सलांचे रस्ते ठरवणारा कोड तिची सख्खी धाकटी बहीण सांभाळत होती. कंपनीत हे नातं कुणालाच ठाऊक नव्हतं. मेहुण्यांच्या पाठीचं ऑपरेशन झाल्यापासून ते अंथरुणालाच खिळले होते, आणि घर धाकटीच्या एकटीच्या पगारावर चाललं होतं. ही नोकरी जाऊन चालणारच नव्हतं.

"काय मास्तरीणबाई, पास की नापास?"

मागे बिलांचा कोड सांभाळणारे बिलवाले काका उभे होते. फाइलमधला तो उकिरडा त्यांचाच. वेफर्सची तेलकट बोटं त्यांनी तिच्याच खुर्चीच्या पाठीला पुसली.

"काका, एआय तुमच्या फाइलवर काम करताना पावलोपावली अडतोय. जरा नीट लिहाल का?"

"लिहायचं कशाला? मी इथंच बसलोय की!" ते हसले आणि वेफरचा चुरा तिच्या कीबोर्डवर उडाला. "अडलं तर मला विचारा म्हणावं. मी काय पळून चाललोय?"

ते गेल्यावर तिने कीबोर्ड पुसला, खुर्ची पुसली, हात धुतले, आणि काकांना जवळजवळ शून्य दिलं. असल्या माणसाला घरी बसवण्यात काही पाप नाही, असं तिला मनापासून वाटलं.

पण धाकटीच्या फाइलनेही तिला घाम फोडला. स्वच्छ होती, नेटकी होती, पण अपुरी. एआय तिच्यातही दोनदा अडला. ते गुण तिने लिहिलेच नाहीत. संध्याकाळी ती सरळ धाकटीच्या घरी गेली. धाकटी वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती.

"फाइल पुन्हा लिही."

"आता काय राहिलं गं ताई?"

"अर्धं तुझ्या डोक्यातच राहिलंय. नदीपलीकडचे पत्ते वेगळे का काढायचे, ते कुठे लिहिलंयस?"

"ते मला बघितलं की कळतं. अशा किती गोष्टी लिहीत बसू?"

"सगळ्या. एकसुद्धा डोक्यात ठेवू नकोस."

धाकटीने हातातला टॉवेल खाली ठेवला. "ऑफिसात काही शिजतंय का?"

"काही नाही. कधी नव्हे ते माझं ऐक."

धाकटीने ऐकलं. रोज संध्याकाळी ती आठवून आठवून लिहायची आणि ताई शेजारी बसून प्रश्न विचारायची: का, कधी, आणि तसं नाही झालं तर? परीक्षकच उत्तरपत्रिका लिहायला बसला होता. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर तिने त्याच्या तोंडाकडेही बघितलं नसतं. घरी जाताना तिला स्वतःचीच किळस यायची. पण आतल्या खोलीतून मेहुण्यांचं कण्हणं ऐकू आलं, की दुसऱ्या दिवशी पाय पुन्हा तिकडेच वळायचे.

नव्या फाइलवर एआयला तिने मुद्दाम रस्त्यांचा सगळ्यात किचकट गुंता दिला. तो कुठेही न अडता सुटला. तिने पुन्हा करून बघितलं, तेव्हाही सुटला. पूर्ण गुण. निदान ही फाइल त्या गुणांच्या लायकीची आहे, एवढं तरी ती स्वतःला सांगू शकत होती.

गुण घेऊन ती साहेबांच्या केबिनमध्ये गेली. त्यांनी ते शांतपणे वाचले.

"रस्त्यांच्या कोडला पूर्ण गुण?"

"पूर्ण. एआयला कुणाला काही विचारावंच लागत नाही."

"आणि बिलं?"

"ते विचारूच नका साहेब. त्या माणसाशिवाय तिथे पान हलत नाही."

"अस्सं." साहेब हसले. "फार मन लावून काम केलंत तुम्ही. उपकार झाले."

त्यांनी फोन उचलला. मास्तरणीने खूप दिवसांनी मोकळा श्वास घेतला.

"बिलवाल्या काकांचा पगार वाढवा," साहेब फोनवर म्हणाले, "ते सोडून गेले तर आपण बुडालो. आणि रस्त्यांच्या कोडवाल्या बाईंना आजच मोकळं करा. त्यांच्या डोक्यात होतं ते सगळं आता आपल्याकडे लिहून आलंय."