काचेच्या कपाटातला घडा

"माझ्या हातचा एक तरी घडा घरी आण, मगच नवी माती मळ," आई मरताना म्हणाली होती. वर्निताने हो म्हटलं होतं.

त्याला दोन वर्षं झाली. आईचे सगळे घडे पोटासाठी विकले गेले होते, अकोमा गावातल्या घरी एकही उरला नव्हता. ठावठिकाणा ठाऊक होता तो एकाचाच. अल्बुकर्की शहरात, मिसेस ऑल्डेनच्या काचेच्या कपाटात. म्हणून तर वर्निताने त्या घरची साफसफाई धरली.

"बाई, मला विकत द्याल?" तिने तीनदा विचारून पाहिलं.

"दुसरा कुठलाही ने, पोरी. हा नको मागूस. हा माझ्या घराचा जीव आहे."

इकडे मावशीचे टोमणे चालूच. "आईने शिकवलेली बोटं, आणि पुसतेस काय, तर लोकांच्या काचा! ती माती बघ, वाट पाहून दगड झाली."

आणि मंगळवारी घडा फुटला.

फरशीभर काळे-पांढरे तुकडे. वर्निता तिथेच गुडघ्यांवर बसली होती. बाई धावत आल्या आणि त्यांनी आधी तिचेच हात उलटसुलट करून पाहिले.

"लागलं नाही ना गं?"

"बाई, मी... माझ्याकडून..."

"गप. तुझ्या आईची वस्तू, आणि तुझ्याच हातून जावी! माझं काय, तुझंच काळीज तुटलं असेल." बाईंचे डोळे भरून आले. त्यांनी बारीकसारीक कपच्यासुद्धा वेचल्या, धुतलेल्या रुमालात बांधल्या. "ने. हे तुझंच आहे."

वर्निताला मान वर करवेना. शिव्या दिल्या असत्या तर सोसल्या असत्या. घरी येईपर्यंत ती बाईंसाठी प्रार्थना पुटपुटत राहिली.

अकोमाची माती जुन्या खापरांची पूड मिसळल्याशिवाय आगीत तगत नाही. आईच्या मातीत आजीची खापरं होती. मावशीने रुमाल सोडला आणि तिला हसूच फुटलं.

"दोन वर्षं हातापाया पडलीस तर मिळेना, आणि फुटल्यावर फुकट! पण पडला कसा गं? तुझ्या हातून आजवर साधा कप नाही फुटला."

वर्निताने चिमूटभर मक्याचं पीठ वाहिलं. पाटा पुढे ओढला. पहिला तुकडा त्यावर ठेवला.

"पडला नाही, मावशी," ती म्हणाली.