हिरवा रंग नको

साहेबांनी खरेदीच्या कागदावर सही करायला पेन उघडलं, तोच बाईंनी कागद अलगद ओढून घेतला.

"दोन दिवस थांबा, साहेब."

परराष्ट्र खात्याचे गुप्त निरोप वीस वर्षं याच बाईंच्या हातून जात होते. टेबलावर नमुन्याचं नवं यंत्र होतं, टाइपरायटरएवढं, हिरवंगार. त्यात साधं वाक्य टाइप केलं की अगम्य अक्षरं बाहेर पडत. शेजारी पडलेल्या वर्तमानपत्रात मात्र आरोप छापून आला होता: या यंत्रांत मुद्दाम चोरवाट ठेवलेली असते आणि यंत्रं बनवणारा देश सगळ्यांचे निरोप खुशाल वाचतो.

"राईचा पर्वत करतात हे पेपरवाले," साहेब म्हणाले. "विक्रेता शपथेवर नाही म्हणतोय. आणि पुढच्याच आठवड्यात त्याच देशाशी आपल्या बंदराची बोलणी आहेत."

"म्हणूनच म्हणते. आपण कुठवर मागे सरकणार हे त्यांना आधीच कळलं, तर बंदर गेलंच की!"

बाई यंत्रापुढे बसल्या आणि याचं जोडयंत्र जिथे होतं त्या परदेशातल्या आपल्याच दूतावासाला त्यांनी निरोप धाडला: 'यंत्रं झकास. पण मंत्रिमहोदयांना हिरवा रंग खपत नाही. राखाडी नसतील तर खरेदी रद्द.'

साहेब चमकले. "मंत्री असं कधी म्हणाले?"

"नाहीच म्हणाले. तिकडच्या आपल्या माणसालाही मी आपल्या जुन्या, हातानं लिहायच्या सांकेतिक लिपीत गप्प बसायला कळवलंय. म्हणजे बाहेर कुणाला हे ठाऊक असायचं कारणच नाही."

तिसऱ्या दिवशी सकाळी विक्रेता हसतमुखानं आत आला. "रंगाची काळजीच सोडा, साहेब! राखाडी हवीत ना? सगळीच्या सगळी राखाडी देतो."

साहेबांनी आ वासला तो मिटेचना. बाईंनी खुर्ची पुढे केली.

"बसा ना. राखाडीचं तुम्हाला कोण बोललं?"

विक्रेत्याला एकाएकी दुसरीकडची भेट आठवली आणि टोपी तिथेच विसरून तो धडाधड जिना उतरला.

"आत्ताच्या आत्ता फेकून द्या ते धूड!" साहेब गरजले.

"असं कसं, साहेब? आपल्या एवढ्याशा देशाचं म्हणणं आजवर कुणी इतकं मन लावून ऐकलंय का?" बाईंनी यंत्रात कोरा कागद सरकवला. "खरं ते मी जुन्या लिपीत हातानं लिहून पाठवीन. यातून काय सांगायचं ते तुम्ही बोला."

साहेब खुर्ची ओढून बाईंच्या शेजारीच येऊन बसले.

"लिहा. आपल्या बंदरासाठी आणखी एक देश मागे लागलाय."

"एकच कशाला?" बाई म्हणाल्या. "दोन लिहू या."