उलटं वेटोळं

मुलीनं खटका मधोमध आणला आणि गिटारचा आवाज बसला. नुसता गळ्याकडचा पिकअप लावला की ती भरघोस बोलत होती. नुसता खालचा लावला की खणखणीत. दोन्ही एकदम लावले की पत्र्याच्या डब्यात अडकलेली माशी.

"झालं!" वडील म्हणाले. आपला चेहरा समाधानी दिसू नये म्हणून त्यांनी बरेच कष्ट घेतले. "उलटं वेटोळं. दुसरं काय होणार?"

दुकान मोटर-रिवाइंडिंगचं. जळालेल्या पंप-पंख्यांतली तार उपसायची आणि नवी भरायची, हे वडील चाळीस वर्षं करत आले होते. नियम एकच: यंत्राचं हँडल उजवीकडे, फिरवायचं उजव्या हातानं. त्यांच्या उस्तादांनी पट्टी मारमारून त्यांना वळण लावलं होतं, असं ते अभिमानानं सांगत. कसलं वळण, ते सांगत नसत.

मुलगी डावखुरी. आठवीत असताना तिनं हँडल डावीकडे घेऊन एक पंखा भरला होता. तो इतक्या निष्ठेनं उलटा फिरला की गिऱ्हाईक म्हणालं, हवा सगळी छतालाच लागते. त्या दिवसापासून तिला यंत्राला हात लावायला बंदी झाली. वडील तो पंखा गेली बारा वर्षं पाहुण्यांना ऐकवत होते.

म्हणून आज अटी पक्क्या होत्या. ही घरी घडवलेली गिटार नीट वाजली तर दुकानाचं अर्धं टेबल तिचं. नाही वाजली तर सोमवारपासून मामांच्या ओळखीची पंप-कंपनी आणि हजेरीपट. मामांनी तिच्यासाठी खुर्चीसुद्धा बघून ठेवली होती. गोल फिरणारी होती म्हणे.

गिटारचं अंग एका निकामी दाराचं होतं. गळा तीनदा फसून चौथ्यांदा सरळ आला होता. पिकअप म्हणजे तारांखाली बसणारं चुंबकाचं वेटोळं. तार थरथरली की त्यात वीज उठते आणि स्पीकरमधून गाते. खालचा पिकअप उंच, अरुंद, चुंबकाच्या सहा कांड्यांचा. त्यावर केसाहून बारीक तारेचे आठ हजार फेरे मुलीनं घरी, ड्रिल मशीनवर, डाव्या हातानं घातले होते. गळ्याकडचा रुंद आणि बसका. तो तिनं वडिलांपुढे ठेवून म्हटलं होतं, "एवढा तुम्ही भरून द्या ना, बाबा." त्यांनी तो एका बैठकीत भरला. बोट फिरवलं तर काच वाटावी असे थर. शेवटी तिला आपलीच गरज पडली, हे त्यांनी बायकोला दोनदा सांगितलं.

सकाळ तर नुसती दोघांची भांडणं मिटवण्यात गेली होती. वडिलांचा पिकअप तिच्या पिकअपला बोलूच देईना. तिनं स्क्रू अडीच फेरे सैल करून त्यांचा तारांपासून खाली उतरवला.

"माझाच का खाली?"

"तुमचा आवाज मोठा आहे, बाबा."

आतून आई म्हणाली, "घरातपण असा एक स्क्रू बसवून दे गं!"

आवाज सारखे झाले. राहिली ट्यूबलाइटची घरघर. ती दोन्हींत होती, वेगवेगळी आणि इमानदार. आणि आता ही माशी.

वडिलांनी तार कापायची कात्री उचलली. उलटं वेटोळं उकलायचं, हाही नियमच.

"थांबा," मुलगी म्हणाली. "तुमच्या पिकअपखालच्या चुंबकाच्या पट्ट्या काढा आणि पालथ्या घाला."

"पुन्हा माझ्याच?"

"तुमच्याच निघतात. माझ्या कांड्या वेटोळ्यात रुतल्यात."

त्यांनी पट्ट्या पालथ्या घातल्या. हरणाऱ्या माणसाला तेवढी मुभा द्यावी, असा त्यांचा चेहरा होता. तिनं खटका मधोमध आणला. काहीच ऐकू आलं नाही. घरघरसुद्धा नाही.

"बंद पडला ना स्पीकर?" वडील प्लगकडे वळले.

तिनं तार छेडली.

सूर इतका स्वच्छ आला की आई हातातला टॉवेल घेऊन दारात उभी राहिली. सूर विरला, आणि मागे पुन्हा तीच शांतता. वडिलांनी स्पीकरला कान लावला. चाळीस वर्षांत दुकानात असली शांतता त्यांनी फक्त वीज गेल्यावर ऐकली होती.

"घरघर चुंबकाला ओळखत नाही," मुलगी म्हणाली. "तिला फक्त वेटोळ्याची दिशा कळते. एक सुलटं, एक उलटं असलं की दोन्हीकडची घरघर एकमेकींना खाऊन टाकते. सूर मात्र चुंबकाचंही ऐकतो. म्हणून पट्ट्या पालथ्या घातल्यावर तो टिकला."

"म्हणजे उलटं होणार, हे तुला माहीत होतं?"

"म्हणून तर एक तुम्हाला दिला. मला एक सुलटा माणूस हवा होता."

वडिलांनी टेबलावरचे पंखे एका बाजूला सारले. बरोबर अर्ध्यापर्यंत. पुढच्या गिटारसाठी तिनं आणलेला पिकअपचा रिकामा साचा त्यांनी यंत्रावर चढवला, आणि अख्खं यंत्र उचलून फिरवून ठेवलं. हँडल डावीकडे आलं. त्यावर त्यांनी डावा हात ठेवला. त्या हाताच्या पेरांवरचे पांढरे वण तिनं लहानपणापासून पाहिले होते. विजेच्या कामात असं होतंच, असं ते सांगत.

हात क्षणभर थबकला. मग फिरू लागला. तार थराला थर लागून अशी बसत गेली की काचेनं शिकून घ्यावं. उजव्या हातानं त्यांना इतकं सुरेख कधीच जमलं नव्हतं.

"बाबा," मुलगी हळूच म्हणाली, "तुम्ही उलटं भरताय."

"माहितीय," ते हँडल न थांबवता म्हणाले. "सुलटं आता तू भर. मी चाळीस वर्षं भरलं."