सहावी चाल

लॅपटॉपवर लाल फुली उमटली आणि जयवंतने टेबलावर हात आपटला.

"परत सहावी? अगं, काल सहावी, परवा सहावी! डोकं आहे की मडकं?"

"चुकलं, पप्पा," जान्हवी म्हणाली. ती अकरा वर्षांची होती.

"चुकलं म्हणे! समोरच्याने कडेचं प्यादं दोन घरं पुढे ढकललं, की आपण आपलं कडेचं प्यादं एक घर सरकवायचं. का? तर आपल्या उंटाला पळायला वाट पाहिजे म्हणून. हे मला कळतं, मला! मी जन्मात कॅरमपलीकडे काही खेळलो नाही."

सुलक्षणा स्वयंपाकघराच्या दारात आली. "अहो, जरा हळू. शेजारी ऐकतात."

जयवंतची मान तिच्याकडे वळली. तेवढ्यात लॅपटॉप पुन्हा वाजला. पुन्हा लाल फुली.

"घ्या! मी सांगतोय तोवर परत तेच!" मान जागेवर आली.

"आई, तू आत जा ना," जान्हवी म्हणाली. "मी करते."

हे सॉफ्टवेअर पद्मजा मॅडमनी फेब्रुवारीत मुलुंडच्या त्यांच्या क्लासमधल्या सगळ्या मुलांना दिलं होतं. बुद्धिबळाच्या डावाची सुरुवात कशी करायची, त्या ठरलेल्या चाली त्यात भरलेल्या. एक बाजू सॉफ्टवेअर खेळणार, दुसरी मुलाने खेळायची. बरोबर खेळलं की हिरवी खूण. चुकलं की लाल फुली, आणि मग ती चाल बरोबर येईपर्यंत सोसायटीच्या नोटिशीसारखी पुन्हापुन्हा समोर. कुणी कधी किती चुकलं, ते मॅडमना त्यांच्या फोनवर दिसायचं.

जयवंत मरोळला एका पॅकिंग कंपनीत सुपरवायझर होता. त्याच्यावरचा साहेब त्याच्याहून बारा वर्षांनी लहान, आणि दिवसातून चारदा सगळ्यांदेखत त्याची अक्कल काढायचा. जयवंत हसून घ्यायचा. जयवंतसारखा शांत माणूस नाही, असं कंपनीत कुणीही सांगितलं असतं. दिवसाचा राग दिवसातच बाहेर काढावा, पोटात ठेवला की बीपी होतो, असं त्याचं मत होतं. सहाव्या चालीवर तासभर ओरडलं की घसा बसायचा. मग तो वरणभात खायचा आणि तान्ह्या बाळासारखा झोपायचा.

घराकडेही त्याचं लक्ष असे. जानेवारीत सुलक्षणा बाथरूममध्ये पडली आणि तिचा हात मोडला, तेव्हा त्याने आठवड्याच्या आत लादी बदलून घेतली होती.

रविवारी क्लासमध्ये निवडीचे डाव होते. नाशिकच्या स्पर्धेला चार मुलं जाणार होती. पालकांना आत मज्जाव, म्हणून जयवंत खिडकीच्या गजांना नाक लावून उभा होता. जान्हवीच्या चौथ्या डावात समोरच्या मुलाने नेमकं तेच प्यादं दोन घरं ढकललं.

"लागली वाट," जयवंत पुटपुटला.

जान्हवीने आपलं प्यादं एक घर सरकवलं, आणि समोरचा विचार करतोय तोवर बाटलीतलं पाणी प्यायली. डाव जिंकली. पुढचाही जिंकली. पाचपैकी पाच.

यादी लागली. तीत जान्हवीचं नाव नव्हतं.

जयवंत तरातरा आत घुसला. "मॅडम, ही काय मस्करी आहे? पाचच्या पाच जिंकलीय पोरगी!"

"जिंकलीय," पद्मजा मॅडम म्हणाल्या. "पण घरचा अभ्यास बघा. त्रेसष्ट चुका, सगळ्या एकाच चालीवर. तिला मी महिन्यापूर्वीच सांगितलं होतं, हे थांबलं नाही तर नाशिक विसर. खूप रडली. दुसऱ्या दिवशी परत लाल."

"पण आत्ता तर बरोबर खेळली!"

"तेच तर कोडं आहे."

जयवंतला कोडं कळायला वेळ लागला नाही. तो जान्हवीकडे वळला. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"म्हणजे येते तुला चाल! मुद्दाम करतेस! मी दिवसभर त्या कंपनीत मरून यायचं, आणि तू घरी माझं रक्त आटवायचं? मजा वाटते काय गं बापाची?"

बाकीचे पालक चपला घालता घालता थांबले.

"थांबा हो," पद्मजा मॅडम म्हणाल्या. त्या फोनवर बोट फिरवत होत्या. "हे बघा. एक आठवडा सगळा हिरवा, एक चूक नाही. पुढचा आठवडा लाल. मग परत हिरवा. परत लाल. आठवड्याआड तुमच्या घरात काय बदलतं?"

"काय बदलणार? मी तोच, वेळ तीच. हिच्या आईची शिफ्ट बदलते, तेवढंच. हॉस्पिटलात असते ती. लाल दाखवताय ना, त्या आठवड्यांत चारलाच घरी येते. हिरव्या आठवड्यांत यायला अकरा वाजतात, तोवर मी झोपलेलो असतो. तिचा इथे काय संबंध?"

मॅडमनी फोन हळूच टेबलावर पालथा ठेवला.

ते जयवंतला अजिबात आवडलं नाही. "अहो, हिलाच विचारा ना! ए, सांग! सगळ्यांसमोर सांग मॅडमना, का चुकतेस मुद्दाम?"

जान्हवीने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग मॅडमकडे. पाठ केलेलं उत्तर द्यावं तशी ती सरळ उभी राहिली.

"पप्पांना रोज एकदाच राग काढायचा असतो, मॅडम. तो माझ्यावर संपला की आईसाठी उरत नाही."